कशावरून?

(दहावी १९९५ च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात सकाळच्या सत्रात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘शिक्षणात तंत्रज्ञान’ असा विषय दिला आणि वीस मिनिटं दिली. मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करते, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला असणार. मी तो जरा लहान करून घेतला आहे. सहावी ते आठवीच्या मुलांना इतिहास, भूगोल आणि नागरिकशास्त्र शिकवताना संगणक आणि मोबाइल यांचा काय उपयोग होतो, एवढ्यावरच बोलणार आहे. कारण याच बाबतीत मी या शाळेत एक चूक केली आहे. ती तुमच्या पैशांनी केली आहे. आणि आज दुपारच्या बैठकीत आपण सगळे मिळून तीच चूक पुन्हा करण्याच्या बेतात आहोत, असं मला वाटतं.

आधी थोडी आठवण. आपला भूगोलाचा तास आठवतो ना? भिंतीवरचा तो कापडी नकाशा, वरखाली लाकडी दांडे, विदर्भाच्या जवळ फाटलेला आणि चिकटपट्टी लावलेला. कंपासपेटीत महाराष्ट्राचा प्लॅस्टिकचा साचा. इतिहासाच्या वहीत कारणं आणि परिणाम, एकाखाली एक, आकडे घालून. गणितात ज्याला कमी पडायचे तो इतिहास-भूगोलावर टक्केवारी सांभाळायचा, कारण हे ‘पाठांतराचे’ विषय. मीही धडाधड पाठ करायची आणि पेपर झाला की विसरायची.

आपल्या भूगोलाच्या बाई मात्र पाठ केलेल्या उत्तरावर खूश व्हायच्या नाहीत. कुणी हात वर करून उत्तर दिलं की त्या चष्म्यावरून बघत विचारायच्या, “कशावरून?” उत्तर बरोबर असलं तरी विचारायच्या. “बाई, पुस्तकात दिलंय,” असं म्हटलं की म्हणायच्या, “पुस्तकाला कुणी सांगितलं?” आपण मागच्या बाकावर बसून त्यांची नक्कल करायचो. बाई आज पहिल्या रांगेत बसल्या आहेत. बाई, नक्कल मीच करायची, हे तीस वर्षांनी कबूल करते.

आता माझ्या चुकीकडे येते. २०१५ मध्ये आपल्याला दहावी होऊन वीस वर्षं झाली तेव्हा आपण पहिल्यांदा भेटलो. शाळेला काहीतरी द्यायचं ठरलं आणि ‘डिजिटल वर्ग’ ही कल्पना माझी होती. प्रोजेक्टर, पडदा, दहा टॅब्लेट आणि सगळ्या विषयांचं तयार सॉफ्टवेअर. तुम्ही विश्वासाने वर्गणी दिलीत. फीत कापली, फोटो काढले, आणि मी पुण्याला निघून गेले.

त्यानंतर मी थेट २०२३ च्या जूनमध्ये शाळेत आले. तो वर्ग कुलूपबंद होता. किल्ली शोधायला पाव तास लागला. प्रोजेक्टरवर टेबलक्लॉथ घातलेला होता. टॅब्लेट कपाटात, त्यातल्या चारांच्या बॅटऱ्या फुगलेल्या. सॉफ्टवेअरचा पासवर्ड माझ्याच एका जुन्या मेलमध्ये होता आणि तो कुणाला द्यायचा राहिला होता. शिपाईकाका म्हणाले, “पाहुणे यायचे असले की उघडतो.”

मला आधी राग आला, शिक्षकांचा. आपण एवढं दिलं आणि वापरलं नाही, असं. मग सध्याच्या इतिहास-भूगोलाच्या बाईंशी तासभर बोलले आणि राग माझ्याकडे वळला. त्यांनी साधा हिशेब सांगितला. तास पस्तीस मिनिटांचा. साठ मुलं वरच्या मजल्यावर न्यायची आणि परत आणायची, यात बारा मिनिटं जातात. दहा टॅब्लेट म्हणजे सहा मुलांत एक. आणि त्या सॉफ्टवेअरमध्ये होतं काय? पुस्तकातलाच धडा, एका गोड आवाजात, मागे संगीत आणि हलणारी चित्रं, शेवटी चार पर्यायांचे प्रश्न. त्या म्हणाल्या, “ताई, हे मी वर्गात दहा मिनिटांत वाचून दाखवते. आणि मुलं आता क्यूआर कोडवरून दीक्षा अॅपवर घरीही बघतात. तुम्ही यंत्रं दिलीत, पण मला शिकवताना नेमकं काय अडतं, हे कुणी विचारलंच नाही.”

मी नोकरीत रोज हेच सांगत असते, की आधी वापरणाऱ्याला विचारा, मग प्रोग्रॅम लिहा. स्वतःच्या शाळेत मला ते सुचलं नाही. ज्या पाठांतराला मी कंटाळले होते त्यालाच मी चित्रं लावून परत पाठवलं होतं.

मग मी आठ वर्षं उशिरा तो प्रश्न विचारला. “तुम्हाला काय अडतं?” त्या म्हणाल्या, “सातवीच्या इतिहासाचा पहिलाच धडा आहे, ‘इतिहासाची साधने’. भौतिक, लिखित, मौखिक. मुलं तिन्ही नावं घडाघडा सांगतात. पण साधन म्हणजे काय हे एकाही मुलाच्या हाताला लागलेलं नसतं. भूगोलात नकाशा वाचतात, पण स्वतःचं घर नकाशावर दाखवता येत नाही. आणि या मुलांनी पूर पाहिलाय, ताई. त्याबद्दल पुस्तकात सापडणार नाही असं त्यांना पुष्कळ माहीत आहे.”

सांगलीकरांना पूर सांगायला नको. २००५ ला आयर्विन पुलापाशी पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ ला ५७ फुटांच्या पुढे. धोक्याची पातळी ४५ फूट. सातवीतली ही मुलं २०१९ मध्ये सात-आठ वर्षांची होती. म्हणून आम्ही ठरवलं की मुलांनी आपल्या भागातल्या पुराचा नकाशा स्वतः करायचा. कोणत्या गल्लीत, कोणत्या वर्षी, पाणी कुठपर्यंत आलं.

यंत्राला सगळ्यात शेवटी हात लावायचा, हे बाईंनी आधीच बजावलं. पहिल्या तासाला नुसते प्रश्न काढले. मग दोन शनिवार पाच-पाच मुलांचे गट पालकांबरोबर बाहेर पडले. गावभाग, मारुती चौक, हरभट रोड, शामरावनगर. प्रत्येक गटाकडे एक पालकांचा मोबाइल, एक शिंप्याची टेप आणि एक वही. घरोघरी विचारायचं, भिंतीवर खूण असेल तर मोजायची, फोटो काढायचा. परत आल्यावर दुरुस्त झालेल्या टॅब्लेटवर एक तक्ता भरायचा. तो तक्ता मी केला, अगदी साधा एक्सेलचा. ठिकाण, वर्ष, उंची, कुणी सांगितलं. आणि शेवटचा रकाना मी आपल्या बाईंची आठवण काढून टाकला, ‘कशावरून’. त्यात तीनच पर्याय होते. खूण पाहिली, माणसाने स्वतः पाहिलेलं सांगितलं, किंवा ऐकीव.

खरी मजा या शेवटच्या रकान्याने केली. एका गल्लीत शेजारशेजारच्या दोन घरांनी २००५ च्या पाण्याची उंची सांगितली, त्यात दोन फुटांचा फरक. मुलं म्हणाली, एक जण खोटं बोलतोय. बाईंनी परत पाठवलं. तेव्हा कळलं की एका आजोबांनी घराच्या जोत्यापासून सांगितलं होतं आणि शेजारच्या काकांनी रस्त्यापासून. शिवाय मधल्या काळात रस्ता दोनदा नव्याने झाला होता आणि तो उंच झाला होता. म्हणजे ‘रस्त्यापासून’ म्हणजे कोणत्या सालच्या रस्त्यापासून? दोघंही खरं बोलत होते. त्या दिवशी मुलांना कळलं की सगळी सांगली पावसाळ्यात “आयर्विनला किती?” असंच का विचारते. १९२९ पासून उभ्या असलेल्या त्या पुलापाशी मोजायची जागा एकच आणि ठरलेली आहे. गल्लीतल्या रस्त्यासारखी ती वर सरकत नाही.

दुसरा प्रसंग अलमट्टीचा. अर्ध्या वर्गाने पहिल्याच दिवशी निकाल दिला होता, पूर अलमट्टी धरणामुळे येतो. कशावरून? घरी सगळे म्हणतात, व्हॉट्सअॅपवर आलं होतं. बाईंनी वाद घातला नाही. पडद्यावर गूगल अर्थ उघडलं आणि कृष्णेबरोबर खाली जायला सांगितलं. हरिपूरला वारणेचा संगम, नृसिंहवाडीला पंचगंगेचा, मग कर्नाटक, मग अलमट्टी. त्यात नकाशावर बोट ठेवाल तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची दिसते. सांगली शहर साधारण साडेपाचशे मीटरवर. अलमट्टीची पूर्ण पाणीपातळी ५१९.६० मीटर. एक मुलगा ओरडलाच, “मग पाणी तीस मीटर चढून वर कसं आलं?” लगेच वर्ग उलट्या टोकाला गेला, अलमट्टीचा काहीच संबंध नाही म्हणून.

मी असते तर तिथेच टाळ्या वाजवल्या असत्या, बघा तंत्रज्ञानाने गैरसमज दूर केला म्हणून. बाईंनी मुलांना थांबवलं. शहराची उंची आणि नदीच्या तळाची उंची एक नाही, हे त्यांनी दाखवलं. पुढचा प्रवाह मंदावला तर मागचं पाणी साचत जातं, हे न्हाणीघरातल्या तुंबलेल्या मोरीचं उदाहरण देऊन सांगितलं. कोयना-वारणेतून सुटणारं पाणी, पाणलोटातला पाऊस, नदीकाठची बांधकामं, हे सगळं फळ्यावर लिहिलं. २०१९ नंतर शासनाने याच कारणांसाठी वडनेरे समिती नेमली होती आणि अजूनही यावर जाणती माणसं भांडतात, हेही सांगितलं. मुलांनी वहीत लिहिलं, “एका आकड्यावरून ठरवता येत नाही.” त्या पडद्याने आकडा क्षणात दिला. त्या आकड्याचं काय करायचं हे सांगायला बाईच लागल्या.

सगळं सुरळीत झालं असं नाही. एका गटाने बाहेर न पडता घरी बसून तक्ता भरला. फोटो नव्हते आणि सगळ्या उंच्या बरोबर पाच फूट नाहीतर सहा फूट, म्हणून सापडले. दुसरं असं दिसलं की मोबाइल कायम मुलग्यांच्या हातात आणि मुली वही धरून मागे. घरी फोन मुलींना देत नाहीत, तीच सवय इथे आली. मग दर घराला काम बदलायचं, असा नियम करावा लागला.

आणि एक चूक पुन्हा माझीच. नकाशावर प्रत्येक घराची खूण, फोटो आणि घरमालकाचं नाव टाकलं होतं, आणि मी उत्साहाने त्याची लिंक पालकांच्या ग्रुपवर पाठवली. दुसऱ्या दिवशी एक पालक शाळेत आले. आवाज चढलेला नव्हता, पण हात थरथरत होता. म्हणाले, “मॅडम, मी घर विकायला काढलंय. मुलीच्या लग्नासाठी. पुराचं घर म्हणून फोटोसकट गावभर झालं आता.”

माझ्याकडे उत्तर नव्हतं. कंपनीत एखाद्या ग्राहकाचं नाव असं बाहेर गेलं असतं तर माझी नोकरी धोक्यात आली असती. शाळा म्हटल्यावर मी ते विसरले. लिंक लगेच बंद केली. बाईंनी तो विषय त्याच आठवड्यात नागरिकशास्त्राच्या तासाला घेतला. खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये म्हटलं आहे, हे सांगितलं. आणि मग वर्गाला प्रश्न टाकला. लोकांना पुराची माहिती मिळायला हवी, आणि या काकांचंही खरं आहे. काय करायचं? दोन तास चर्चा चालली. एका मुलीने विचारलं, घर घेणाऱ्याला पूर येतो हे कळायला नको का? त्यावर वर्ग गप्प झाला. मीही गप्प झाले. शेवटी मुलांनीच ठरवलं की नावं आणि घरांचे फोटो काढायचे, खुणा गल्लीपुरत्या ठेवायच्या, नकाशा शाळेत लावायचा, ज्याला बघायचा त्याने येऊन बघावा. आणि पुढच्या वेळी घरात शिरण्याआधी परवानगी विचारायची. त्या पालकांना मुलांनी पत्र लिहून माफी मागितली. खाली माझीही सही आहे.

यंदा आठवीच्या मुलांबरोबर दुसरा प्रयोग झाला. स्वातंत्र्यलढ्याचा भाग शिकताना बाईंनी २४ जुलै १९४३ ची घटना घेतली. वसंतदादा आणि त्यांचे साथीदार सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले तो दिवस. तुरुंग आपल्याच गणेशदुर्गात, मुलं रोज त्यावरून जातात. काही मुलांनी एका चॅटबॉटला विचारून छान, शुद्ध मराठीत दीड पान आणलं. वाचताना मीसुद्धा मान डोलावत होते. त्यात किल्ल्याचं नावच दुसरं होतं. ते पकडलं ते मागच्या बाकावरच्या एका मुलीने. ती उभी राहिली आणि म्हणाली, “ताई, हे कशावरून?”

तिने आपल्या बाईंना कधी पाहिलेलंही नाही. तिने तो शब्द तक्त्याच्या शेवटच्या रकान्यातून उचलला होता.

आता एक घरगुती गोष्ट सांगते आणि मुद्द्यावर येते. पहिल्या वर्षी मुलांचा एक गट गावभागातल्या आमच्या जुन्या घरीही गेला. आई तिथेच असते. मुलांनी तिला विचारलं, पाणी कुठपर्यंत आलं होतं? ती म्हणाली, “२००५ ला तिसऱ्या पायरीवर थांबलं. म्हणून २०१९ ला मी सगळं सामान पायऱ्यांच्या वर, कट्ट्यावर नेऊन ठेवलं आणि निर्धास्त झाले. पाणी खिडकीच्या वर गेलं.” त्या कट्ट्यावर बाबांची कागदपत्रं होती, माझ्या शाळेच्या वह्या होत्या आणि आपला दहावीचा ग्रुप फोटो होता. मुलांनी ते सगळं वहीत उतरवून घेतलं. एकाने शेवटी लिहिलं, “मागच्या वेळी जिथे पाणी थांबलं तिथेच ते पुढच्या वेळी थांबेल असं नाही.”

मी ती नोंद पुण्यात माझ्या संगणकावर वाचली. २०१९ मध्ये मी आईला रोज फोन करत होते. जेवलीस का, औषधं आहेत का, हे विचारत होते. कट्ट्यावर सामान कशाच्या भरवशावर ठेवलंस, हे मी चार वर्षांत कधी विचारलं नव्हतं. बारा वर्षांच्या मुलाने विचारलं. पायरी ते खिडकी हा फरक साधारण चार फुटांचा आहे, आणि पुलापाशीही दोन वर्षांतला फरक तेवढाच आहे. आईच्या तोंडची गोष्ट आणि पुलापाशी मोजलेली पातळी एकमेकींना जुळल्या तेव्हा ‘मौखिक साधन’ म्हणजे काय ते मला कळलं. दहावीत त्यावर मी दोन गुणांचं उत्तर लिहिलं असेल.

तर आता मुद्दा. आज दुपारी बैठक आहे. या वेळी जमलेल्या निधीतून मोठा स्पर्शाचा फळा, म्हणजे इंटरॅक्टिव्ह पॅनेल घ्यावा, अशी सूचना आली आहे. सूचना करणाऱ्यांचा हेतू चांगला आहे. २०१५ मध्ये माझाही होता. माझी विनंती एवढीच, की खरेदीचा ठराव आज करू नका.

या दोन वर्षांत नवीन यंत्रांवर जवळपास काहीच खर्च झाला नाही. टॅब्लेट दुरुस्ती, इंटरनेट, टेपा, वह्या आणि मुलांचा वडापाव, एवढाच खर्च. खरा खर्च झाला तो बाईंच्या वेळेचा. त्यांचे शनिवार गेले, आणि वर्गाबाहेरचे तास गेले. शाळेला ऑनलाइन माहिती भरायची कामं आधीच पुष्कळ असतात, ती आटोपून त्यांनी हे केलं. आपण जर मदत करायची तर त्या वेळेची करू या. माझ्या तीन सूचना आहेत. पहिली, प्रत्येक विषयाच्या शिक्षकांना आधी विचारायचं, तुमचं काय अडतं, आणि ते लेखी घ्यायचं. दुसरी, निधीतली मोठी रक्कम एकदम खर्च न करता दरवर्षी थोडी दुरुस्ती, इंटरनेट आणि मुलांच्या बाहेर जाण्यासाठी राखायची. तिसरी, आपल्यापैकी जे सांगलीत आहेत त्यांनी वर्षातून दोन शनिवार द्यायचे. वकील आहेत, महापालिकेत आहेत, हळदीच्या व्यापारात आहेत, डॉक्टर आहेत. मुलांबरोबर एक गट फिरवायला तंत्रज्ञान यावं लागत नाही. एवढं करूनही शिक्षक म्हणाले की पॅनेलच हवा, तर पहिली वर्गणी माझी.

आणि एक काम आजच करता येईल. बाहेर आंब्याखाली आठवीची सहा मुलं टेबल मांडून बसली आहेत. तुमच्या घरी २००५ किंवा २०१९ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, ते जेवायला जाण्यापूर्वी त्यांना सांगा. जुने फोटो असतील तर दाखवा. आधी ती तुमची परवानगी विचारतील, ते आता शिकली आहेत. नंतर ती आपल्या बाईंचा प्रश्न विचारतील.

उत्तर तयार ठेवा. नुसतं “आठवतंय मला” म्हटलं, तर ती ‘ऐकीव’मध्ये टाकतात.